कार्पल टनेलचं ऑपरेशन आणि नसेला इजा होण्याची भीती – आईसाठी सल्ला हवा (इंदूर)

सुदामानगरकर | सोमवार, रात्री ९:४२

मंडळी, नमस्कार. आईच्या उजव्या हाताबद्दल विचारायचं आहे.

वय ६३. शुगर बरीच वर्षं आहे, थायरॉइडची गोळीही चालू आहे. वर्षभरापासून रात्री हात बधिर होतो. झोपेतून उठून पलंगाच्या कडेवर बसते आणि हात झटकत राहते, मग जरा बरं वाटतं. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट यांत मुंग्या जास्त, करंगळीला कधीच काही नाही. सुरुवातीला मानेचं असेल म्हणून मानेला पट्टा लावला, मग बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं झाली. यंदा दिवाळीत चकलीचा सोऱ्या तिला फिरवता आला नाही. ब्लाउजचे हुक लावायला आता माझी बायको लागते. अंगठ्याच्या मुळाशी जो गुबगुबीत उंचवटा असतो ना, तो डाव्या हाताच्या मानाने सपाट दिसायला लागलाय.

शेवटी एनसीव्ही (नसेतून विजेचा संदेश किती वेगाने जातो ती तपासणी) केली. दोन्ही हातांत कार्पल टनेल, म्हणजे मनगटाशी नस दबलेली, उजवा ‘सिव्हिअर’, डावा ‘माइल्ड’. डॉक्टरांनी उजव्याचं ऑपरेशन करून घ्या म्हटलं. छोटंच आहे, त्याच दिवशी घरी. पण संमतीच्या कागदावर लिहिलंय, ‘नसेला इजा, कायमचा बधिरपणा, अंगठ्याची शक्ती जाणे’. आईने ते वाचलं आणि तिथेच बसली. त्यात शेजारच्या काकूंच्या बहिणीचा अंगठा असल्याच ऑपरेशननंतर कामातून गेला, असं ऐकलं. आई म्हणते, आहे तो हात तरी राहू द्या रे.

हा धोका खरा किती? दुर्बिणीने करावं की उघडं? आणि हाडांच्या डॉक्टरांकडे जावं, न्यूरोवाल्यांकडे की प्लास्टिक सर्जनकडे?

रामबागवाली | सोमवार, रात्री १०:०५

माझे दोन्ही हात झालेत, वर्षभराच्या अंतराने. उघड्या पद्धतीने, फक्त हाताला भूल देऊन. डॉक्टरांशी गप्पा मारता मारता झालं. त्याच रात्री सलग झोप लागली, हे मला अजून खरं वाटत नाही. तळहाताच्या बुडाशी दाबलं की दुखायचं, ते मात्र तीन-चार महिने पुरलं. पोळीचं पीठ मळणं, कुकरचं झाकण लावणं याला वेळ लागला. नसेचं काही झालं नाही. आईंना माझा नमस्कार सांगा आणि माझ्याशी बोलायचं असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मी फोन करते त्यांना.

पोहेजिलेबी | सोमवार, रात्री १०:३१

वाचतोय. बाबांनाही हेच निघालंय. त्यांचं टाइपिंगचं काम सुटलं, तरी हात काही सुधारला नाही.

हाडांचा_डॉक्टर | मंगळवार, सकाळी ६:५०

इंदूरला एमजीएम मेडिकल कॉलेजात शिकलो, आता बाहेरगावी असतो. हाताची ऑपरेशन्स माझ्या रोजच्या कामातली आहेत. आईंना मी तपासलेलं नाही, त्यामुळे त्यांच्या हाताबद्दल शेवटचा शब्द त्यांच्या डॉक्टरांचा. पण धोका कुठे असतो हे नीट कळलं की भीतीला आकार येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तळहाताच्या मुळाशी लहान हाडांची एक खोबण आहे आणि तिच्यावर आडवा जाड पट्टा. या बोगद्यातून बोटं मिटवणाऱ्या नऊ कंडरा (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्या) जातात आणि त्यांच्याबरोबर मीडियन नस. शुगर, थायरॉइड, संधिवात, गरोदरपण, वाढलेलं वजन, कंप पावणाऱ्या यंत्रांवरचं काम, कारण कुठलंही असो, आत जागा कमी पडते आणि सगळ्यात मऊ असलेली नस दबते. करंगळीला दुसरी नस असते, ती या बोगद्यातून जातच नाही. म्हणून आईंची करंगळी सुटली, आणि म्हणूनच हे मनगटाचं असावं असा अंदाज बांधता येतो.

बऱ्याच जणांना वाटतं की ऑपरेशनमध्ये नस कापतात. कापायचा असतो तो वरचा पट्टा. नसेला शक्यतो हातही लावायचा नसतो. पण नस पट्ट्याला अगदी खेटून असते आणि तिच्या काही शाखा आडवळणाने जातात, खरा प्रश्न तिथे आहे.

एक बारीक शाखा मनगटाच्या साधारण ५ सेंटीमीटर वर फुटते आणि पट्ट्याच्या वरून तळहाताच्या कातडीत जाते. चीर अंगठ्याच्या बाजूला सरकली तर ती दुखावते. मग व्रण हुळहुळा होतो, हात लावला की करंट लागतो. ही तक्रार डॉक्टरही कधी कधी ‘टाक्यांचं दुखणं’ म्हणून सोडून देतात, ते मला पटत नाही.

दुसरी शाखा अंगठ्याची. अंगठा बोटांसमोर आणणारे स्नायू हिच्यावर चालतात, आणि संमतीच्या कागदावर ‘अंगठ्याची शक्ती’ लिहिलेलं असतं ते हिच्यामुळे. बहुतेकांत ती पट्टा संपल्यावर वळून अंगठ्याकडे जाते. काहींत पट्ट्याखालीच फुटते, आणि काहींत तर चक्क पट्ट्याच्या आरपार जाते. लान्झ या सर्जननी १९७७ साली या तऱ्हा व्यवस्थित मांडल्या, तेव्हापासून हाताच्या सर्जनला त्या पाठच असतात. म्हणूनच चीर अनामिकेच्या रेषेत ठेवतात आणि पट्टा करंगळीच्या अंगाने कापतात, अंगठ्याच्या शाखेपासून लांब. पण फार त्या बाजूला गेलं तर शेजारच्या खोबणीत करंगळीची नस आहे. आणि पुढे तळहातात फार खोल गेलं तर रक्तवाहिनीची कमान आणि बोटांकडे जाणाऱ्या शाखा. सुरक्षित पट्टी अरुंद आहे, पण ठाऊक असलेली आहे.

आता आकडे. २००६ साली जुन्या अभ्यासांची एकत्र बेरीज प्रसिद्ध झाली. नस, रक्तवाहिनी किंवा कंडरा प्रत्यक्ष कापली जाण्याचं प्रमाण उघड्या पद्धतीत ०.४९ टक्के आणि दुर्बिणीने ०.१९ टक्के निघालं. म्हणजे हजारात पाच आणि हजारात दोन. इंग्लंडमध्ये १९९८ ते २०१७ या काळातली साडेआठ लाखांहून जास्त ऑपरेशन्स तपासली, तेव्हा पुन्हा दवाखान्यात भरती व्हावं लागेल किंवा पुन्हा ऑपरेशन करावं लागेल असा गंभीर त्रास ९० दिवसांत हजारात एकाच्या आसपास निघाला. मात्र त्यात भरती झालेलेच मोजलेत. बोटाच्या कडेला थोडा बधिरपणा राहिला आणि बाई घरीच गप्प बसल्या, तर त्या या आकड्यात येत नाहीत. हे लक्षात ठेवूनच तो आकडा वाचावा.

आणि धाग्यात अजून कुणी न लिहिलेली एक गोष्ट. ऑपरेशन न केल्यानेही नसेला इजा होतच असते, ती रोज होते. अंगठ्याचा उंचवटा सपाट झाला याचा अर्थ त्या स्नायूंची नस मरायला लागली आहे. हजारात दोन-पाच ही शक्यता एका बाजूला आणि ‘सिव्हिअर’ रिपोर्ट असलेली, आतून सुकत चाललेली नस दुसऱ्या बाजूला. तुमच्या आईंच्या बाबतीत मला दुसऱ्या बाजूची काळजी जास्त वाटते.

सुदामानगरकर | मंगळवार, सकाळी ८:१५

डॉक्टर, मनापासून आभार. बायकोने हे सगळं आईला वाचून दाखवलं. तिचा पहिला प्रश्न, मग दुर्बिणीनेच करूया, धोका कमी आहे ना?

हाडांचा_डॉक्टर | मंगळवार, दुपारी २:२०

इतकं सरळ नाही. त्याच २००६ च्या बेरजेत तात्पुरत्या इजेचा आकडा उलटा आहे, दुर्बिणीने १.४५ टक्के आणि उघड्याने ०.२५. दुर्बिणीची नळी बोगद्यात घालताना नस आधीच दबलेली असते, ती आणखी दाबली जाते. वायरचं वरचं आवरण चेपलं पण आतली तार शाबूत, अशी ही इजा. आठवड्यांत, फार तर दोन-तीन महिन्यांत भरून येते. पुढे कॉक्रेन या, वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या संस्थेच्या २०१४ च्या आढाव्यातही तेच दिसलं. दुर्बिणीने व्रणाचा त्रास कमी, कामावर साधारण आठवडाभर आधी परत जाता येतं, पण नसेचे तात्पुरते त्रास जास्त. वर्षभराने दोन्हींचा निकाल जवळपास सारखाच.

माझं मत विचाराल तर पद्धतीपेक्षा करणारा हात बघा. जो सर्जन उघडी पद्धत रोज करतो त्याने उघडीच करावी. उघड्यात पट्टा शेवटपर्यंत कापला गेला का ते डोळ्यांनी दिसतं, आणि ऑपरेशननंतर त्रास तसाच राहण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण पट्टा अर्धवट कापला जाणं हेच आहे. पूर्वी मनगटाचं हाड मोडलं असेल, सांध्यांना सूज असेल किंवा आधी एकदा ऑपरेशन झालं असेल तर मी स्वतः दुर्बिणीकडे जात नाही.

कुणाकडे जावं याचं उत्तरही तेच. हाडांचे, प्लास्टिक सर्जन, न्यूरोसर्जन तिघेही हे ऑपरेशन करतात. पाटीवर काय लिहिलंय यापेक्षा, तुम्ही हाताची ऑपरेशन्स नेहमी करता का आणि नस दुखावलीच तर ती सूक्ष्मदर्शकाखाली जोडायची सोय तुमच्याकडे आहे का, हे विचारा. नसेल तर कुणाकडे पाठवाल, तेही विचारा. चांगला डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाही.

चावडीचे_व्यवस्थापक | मंगळवार, दुपारी ३:००

डॉक्टरांची आणि दवाखान्यांची नावं धाग्यात नकोत, चांगलीही नकोत आणि वाईटही. व्यनिने कळवा.

जुनी_इंदूरची | मंगळवार, रात्री ११:१०

लिहू की नको असा विचार करत होते. पण सुदामानगरकर शेजारच्या काकूंच्या बहिणीबद्दल ‘असं ऐकलं’ म्हणतात, आणि माझं ऐकीव नाही, म्हणून लिहिते.

मी फॉल-पिको आणि ब्लाउजचं शिवणकाम करते. काही वर्षांपूर्वी उजव्या हाताचं हे ऑपरेशन झालं, कुठे ते सांगत नाही. माझी रात्रीची कळ लगेच गेली. पण भूल उतरल्यावर मधल्या बोटाची आणि अनामिकेची एकमेकांकडची कड पूर्ण बधिर. आधी अनामिकेला मुंग्या होत्या, पण असा लाकडासारखा मुका भाग नव्हता. आणि टाक्यांच्या पुढच्या टोकाला बोट लागलं की करंट थेट बोटाच्या शेंड्यापर्यंत. मी प्रत्येक वेळी सांगितलं. प्रत्येक वेळी उत्तर मिळालं, सूज आहे, होईल हळूहळू. मी शिकलेली कमी, समोर मोठे डॉक्टर. घरी आले आणि वाट बघत राहिले.

एकदा गरम वरणभात कालवताना मधल्या बोटाला फोड आला. भाजल्याचं मला कळलंच नाही, हात धुताना दिसला. तेव्हा मुलीने ओढून दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी डोळे मिटायला सांगून कधी एका टोकाने, कधी दोन टोकांनी बोटाला स्पर्श केला आणि एक की दोन ते विचारलं. मला सांगताच येईना. सोनोग्राफी झाली. त्या दोन बोटांच्या मध्ये जाणारी शाखा अर्धी कापली गेली होती आणि तिथे गाठ झाली होती. पुन्हा ऑपरेशन झालं. पायाच्या पोटरीतली नस काढून मध्ये जोडली. त्यामुळे पावलाच्या बाहेरच्या कडेला आता थोडा भाग बधिर आहे, पण त्याचा काही त्रास नाही.

आज करंट गेलाय. गरम-गार कळतं. सुई अंगठा आणि तर्जनीत धरते, ती दोन्ही बोटं शाबूत होती म्हणून धंदा टिकला. पण जॉर्जेटचा काठ मधल्या बोटाखालून सरकतो तेव्हा तो सरकला हे डोळ्यांनी बघावं लागतं, बोट सांगत नाही.

आईंना घाबरवायचं नाही. ऑपरेशन करू नका असंही म्हणत नाही, माझी झोप त्यानेच परत आली. एवढंच सांगते, नवीन बधिरपणा आला तर ‘होईल हळूहळू’ हे उत्तर घेऊन घरी येऊ नका.

रामबागवाली | मंगळवार, रात्री ११:३४

ताई, वाचून पोटात कालवलं. तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत.

हाडांचा_डॉक्टर | बुधवार, सकाळी ६:३५

ताई, तुमचं बरोबर आहे आणि तुम्हाला दिलेलं उत्तर बरोबर नव्हतं. मधल्या बोटाकडे आणि अनामिकेकडे जाणारी ती शाखा या ऑपरेशनमध्ये सगळ्यात जवळ येणाऱ्यांपैकी आहे, हे आम्हाला शिकवलेलं असतं.

बाकीच्यांसाठी वेळेचा हिशेब सांगतो. भूल कुठलं औषध वापरलं त्यावर काही तास ते साधारण एक दिवस टिकते. दुसऱ्या दिवशी आधी नसलेला बधिरपणा दिसला, अंगठा वर उचलता आला नाही, किंवा करंट बसायला लागले, तर तो तपासून कागदावर नोंदवून घ्यायचा. नस कापली गेल्याची शंका असेल तर लवकर उघडून बघणं चांगलं, ताजी नस सरळ जोडता येते. उशीर झाला की टोकं आखडतात आणि मग ताईंसारखी दुसरीकडची नस मध्ये घालावी लागते. नुसती दबलेली असेल तर थांबायचं, पण नजर ठेवून. नस भरून येताना दिवसाला साधारण १ मिलिमीटर पुढे सरकते. तळहातापासून बोटाच्या टोकापर्यंतचं अंतर मोजलं की तीन-चार महिने का लागतात ते कळतं. व्रणावर टिचकी मारल्यावर लागणारा करंट दर महिन्याला बोटाकडे पुढे सरकत असेल तर ते चांगलं चिन्ह. एकाच जागी अडकला असेल तर नाही.

आणि त्याच रात्री हात टम्म फुगला, वेदना वाढत चालली, बोटं निळसर पडली, तर सकाळची वाट बघायची नाही. पट्टी घट्ट झालेली असू शकते किंवा आत रक्त साचलेलं असू शकतं.

फिजिओताई | बुधवार, सकाळी १०:४५

मी हातांचीच फिजिओथेरपी करते, तिलकनगरला. सुदामानगरकर, ऑपरेशनच्या आधी एक काम घरी करून ठेवा. आईंचा हात टेबलावर, तळवा वर. तळव्याच्या बरोब्बर वर एक पेन धरा आणि अंगठा छताकडे उचलून पेनाला लावायला सांगा. जेवढा उचलला जाईल तेवढा. मग डोळे मिटून प्रत्येक बोटाच्या दोन्ही कडांना कापसाचा स्पर्श, कुठे कळतो कुठे नाही. याचा मोबाइलवर व्हिडिओ काढा, तारीख आपोआप येते. ऑपरेशननंतर कुणी म्हणालं की हे आधीपासूनच होतं, किंवा तुम्हाला उगाच वाटलं की हे नवीन आहे, तर दोन्ही वेळा तो व्हिडिओ उपयोगी पडतो. रुग्णाला आठवत नाही हो, खरंच आठवत नाही. वर्षभर बधिर असलेल्या हाताची सवय होऊन जाते.

आणखी एक. बोटं बधिर असेपर्यंत आईंना तव्यावरची पोळी हाताने उलटू देऊ नका. मी भाजलेली बोटं दर महिन्याला बघते, आणि जवळजवळ सगळी स्वयंपाकघरातली असतात.

ऑपरेशननंतर बोटं पहिल्या दिवसापासून हलवायची, मूठ उघडायची-मिटायची. हात उशीवर उंच. टाके साधारण १० ते १४ दिवसांनी निघतात. मग व्रणाला मालिश. तळहाताच्या बुडाशी दोन्ही बाजूंना दुखणं, जे रामबागवाली ताईंना झालं, ते नेहमीचं आहे आणि ते नसेच्या इजेचं लक्षण नाही. ते दाबल्यावर दुखतं, पसरत नाही. नसेचं दुखणं तारेसारखं बोटात धावतं. पूर्ण हात सुजून, चकचकीत लाल होऊन, वारा लागला तरी आग होत असेल तर तो तिसराच प्रकार, त्यातही लवकर यावं लागतं.

छावणीचे_अण्णा | बुधवार, दुपारी १२:२०

एवढी चिरफाड कशाला? मी नसांच्या ताकदीच्या गोळ्या घेतो आणि रोज तिळाच्या तेलाने चोळतो. सहा महिन्यांत पन्नास टक्के आराम आहे. आईंनाही तेच द्या.

फिजिओताई | बुधवार, दुपारी १:०५

अण्णा, तुम्हाला आराम पडला याचा आनंद आहे. सौम्य त्रासात रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा लावूनही अनेकांचं भागतं, गरोदरपणातलं तर बहुतेक वेळा बाळंतपणानंतर आपोआप उतरतं. पण जिथे स्नायू सुकला आहे तिथे तेल वरच्या कातडीला मिळतं, आतला पट्टा सैल होत नाही. आणि त्या गोळ्यांचं पाकीट जरा बघा, त्यात बी-सिक्स किती आहे. जास्त मात्रेत दीर्घकाळ घेतलेलं बी-सिक्स स्वतःच नसांना इजा करतं. तुमच्या डॉक्टरांना एकदा दाखवाच, कळकळीने सांगते.

छावणीचे_अण्णा | बुधवार, दुपारी ४:४०

हे ठाऊक नव्हतं. पाकीट घेऊन उद्याच जातो.

पोहेजिलेबी | बुधवार, रात्री ९:१८

बाबांना डॉक्टरांनी मनगटात स्टेरॉइडचं इंजेक्शन सुचवलंय. त्याने नस दुखावते का?

हाडांचा_डॉक्टर | बुधवार, रात्री १०:००

सुई नसेत गेली तर दुखावू शकते, म्हणून सोनोग्राफीत बघून देणं जास्त चांगलं. सुई टोचताना बोटात जोरात करंट गेला तर हात न हलवता लगेच सांगायचं. डॉक्टर सुई मागे घेतात. आराम मिळतो, पण स्वीडनमधल्या २०१३ च्या अभ्यासात इंजेक्शन घेतलेल्यांपैकी साधारण तीन-चतुर्थांश लोकांचं वर्षभरात ऑपरेशन झालंच. बाबांचा रिपोर्ट सौम्य किंवा मध्यम असेल आणि अंगठ्याची ताकद नीट असेल तर करून बघायला हरकत नाही. शुगर असेल तर काही दिवस वाढते, मोजत राहा.

लष्करचे_वकीलकाका | गुरुवार, सकाळी ९:३०

ग्वाल्हेरहून लिहितो. वैद्यकीय बाबतीत माझा अधिकार नाही, कागदाबद्दल सांगतो. संमतीचा कागद म्हणजे आईंनी धोका स्वतःच्या अंगावर घेतला, असं नव्हे. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली स्पष्ट केलं की उपचार काय, पर्याय काय, मोठे धोके कोणते आणि उपचार न केल्यास काय, हे रुग्णाला कळेल अशा रीतीने आधी सांगणं हे डॉक्टरांचं कर्तव्य आहे. तेव्हा ‘नसेला इजा’ या ओळीवर बोट ठेवून, कोणत्या नसेला, तुमच्या हातून असं कधी झालंय का, झालं तर पुढे काय, हे विचारायला संकोच नको. सही ऑपरेशनच्या टेबलाशेजारी घाईत करू नये. कागद आदल्या दिवशी घरी आणावा.

दुसरं, जुनी इंदूरच्या ताईंच्या अनुभवावरून. नंतर काही बिनसलं तर पहिल्यांदा ऑपरेशनची नोंद मागा, म्हणजे आत काय दिसलं आणि काय केलं याचा डॉक्टरांनी लिहिलेला कागद. नुसतं डिस्चार्ज कार्ड पुरत नाही. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे मागितल्यापासून ७२ तासांत नोंदी द्याव्या लागतात. भांडायला जाण्यासाठी हे सांगत नाही. दुसऱ्या डॉक्टरांना ती नोंद वाचूनच पुढचं ठरवता येतं, पहिला उपयोग तो आहे.

जुनी_इंदूरची | गुरुवार, सकाळी १०:१५

काका, हे मला त्या वेळी कुणी सांगितलं असतं तर! माझ्याजवळ फक्त कार्ड होतं, त्यावर ‘ऑपरेशन झाले, तब्येत ठीक’ एवढंच.

सुदामानगरकर | रविवार, संध्याकाळी ७:२५

मंडळी, आम्ही सगळे प्रश्न कागदावर लिहून डॉक्टरांकडे गेलो. आई स्वतः बोलली. डॉक्टरांनी न चिडता उत्तरं दिली. उघड्या पद्धतीने करणार, चीर लहान पण पट्टा शेवटपर्यंत दिसेल इतकी. अंगठ्याची शाखा पट्ट्यातून जाणारी निघाली तर चीर वाढवणार, हे त्यांनी आधीच सांगितलं. आतापर्यंत अशी इजा त्यांच्याकडे झाली आहे का, या प्रश्नावर थोडं थांबून म्हणाले, एका रुग्णाची कातडीची बारीक शाखा दुखावली होती. आई बाहेर येऊन म्हणाली, यांनी ‘कधीच नाही’ म्हटलं असतं तर मी केलं नसतं. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, ती बंद करायची नाही असं त्यांनी सांगितलं. शुगर मात्र आधी आटोक्यात आणायची.

पेनाचा व्हिडिओ काढला. अंगठा पेनापर्यंत पोचतच नाही. आईने तो स्वतः बघितला आणि मग तिचा विरोध संपला.

तारीख रंगपंचमीनंतरची घेतली आहे. गेरच्या, म्हणजे रंगपंचमीच्या मिरवणुकीच्या दिवशी राजवाड्याकडचे रस्ते बंद असतात, आणि रात्री काही त्रास झाला तर दवाखान्यात पोचता यायला हवं.

रामबागवाली | रविवार, रात्री ८:०२

आईंना सांगा, पुढच्या दिवाळीत सोऱ्या मी आणून देते, चकल्या मात्र त्यांच्या हातच्या.

सुदामानगरकर | पंधरवड्यानंतर, मंगळवार, सकाळी ११:०५

टाके काल निघाले. नवीन बधिरपणा नाही, करंट नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी फिजिओताईंच्या पद्धतीने कापूस लावून पाहिला, आधी जिथे कळत होतं तिथे सगळीकडे कळतं. रात्रीची कळ गेली. अंगठा आणि तर्जनीचा जुना बधिरपणा मात्र तसाच आहे आणि अंगठा पेनापर्यंत अजून पोचत नाही. आई विचारते, म्हणजे ऑपरेशन अर्धवट झालं का?

हाडांचा_डॉक्टर | मंगळवार, दुपारी २:५०

नाही. रात्रीची कळ गेली म्हणजे दाब निघाला. जुना बधिरपणा महिन्यांच्या हिशेबाने उतरतो, आणि इतक्या सुकलेल्या स्नायूला वर्षही लागू शकतं. पूर्ण भरेलच असं वचन कुणी देऊ नये, शुगर असताना तर नाहीच. सहा महिन्यांनी पेनाचा व्हिडिओ पुन्हा काढा आणि गरज वाटली तर एनसीव्ही. डाव्या हाताला आजपासूनच रात्री पट्टा लावायला सुरुवात करा, मनगट सरळ राहील असा, वाकवलेला नको. तो अजून सौम्य आहे, कदाचित त्याला चिरेची वेळच येणार नाही.

पोहेजिलेबी | मंगळवार, दुपारी ३:२६

असा पट्टा इंदुरात कुठे मिळेल? औषधाच्या दुकानातले सगळे मनगट घट्ट आवळणारे दिसतात.

फिजिओताई | मंगळवार, दुपारी ४:१०

आवळणारा लवचिक पट्टा घेऊ नका, त्यानेही दाब वाढतो. तळहाताच्या बाजूला आत पत्र्याची पट्टी असलेला हवा. ती पट्टी बाहेर काढून हाताने सरळ करून पुन्हा घालायची, कारण दुकानातून येते तेव्हा ती बहुतेक वेळा मागे वाकवलेली असते. मापाचा मिळाला नाही तर बाबांना घेऊन या, साचा घेऊन बनवून देते.